हौशी खेळाडूचा ड्रायव्हर : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोल्फचा नवा हंगाम जवळ आला की क्रीडाविषयक पानांवर नव्या ड्रायव्हरच्या, म्हणजे टीवरून लांब फटका मारायच्या क्लबच्या, बातम्या येऊ लागतात आणि त्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. नवे हेड (क्लबचा चेंडूला भिडणारा टोकाचा भाग), नवा धातू किंवा नवा कार्बन, एखाद्या नामांकित व्यावसायिकाच्या हातात तो क्लब असलेले छायाचित्र आणि ‘आधीच्या मॉडेलपेक्षा जास्त अंतर’ हा दावा, एवढे त्यांत असते. या बातम्या खोट्या असतात असे माझे म्हणणे नाही. पण आठवड्यातून एखाद्या दिवशी खेळणारा, वीस-पंचवीस हँडिकॅपचा (म्हणजे फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तितके जादा फटके घेणारा) हौशी माणूस त्या वाचून ड्रायव्हर घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या कामी येईल अशी माहिती त्यांत क्वचितच सापडते. ज्या गोष्टींमुळे ड्रायव्हरची किंमत चढते त्या गोष्टी आणि ज्यांमुळे हौशी खेळाडूचा चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) राहतो त्या गोष्टी, या दोहोंचा मेळ फार थोड्या ठिकाणी बसतो. लॉफ्ट (हेडच्या पुढच्या पृष्ठभागाचा मागे कललेला कोन), लांबी आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) या तीन बाबी नीट जुळवून घेतल्या तर दोन-तीन हंगाम जुना, अर्ध्या किमतीत मिळालेला ड्रायव्हर आपले काम चोख करतो. हे एवढ्या ठामपणे का म्हणता येते, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिले कारण नियमांत आहे. गोल्फचे नियम अमेरिकेतील यूएसजीए आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या दोन संस्था मिळून ठरवतात. ड्रायव्हरचा फेस, म्हणजे हेडचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग, पातळ असतो. चेंडू लागताच तो किंचित आत दबतो आणि लगेच उसळून मूळ जागी येतो, आणि या उसळीमुळे चेंडूला वेग मिळतो. टायटॅनियमची हेडे आली तशी ही उसळी वाढत गेली, म्हणून यूएसजीएने १९९८ मध्ये तिच्यावर मर्यादा घातली. टकरीनंतर चेंडू आणि फेस एकमेकांपासून ज्या वेगाने दूर जातात आणि टकरीआधी ज्या वेगाने जवळ येतात, त्यांच्या गुणोत्तराला सीओआर म्हणतात; ते ०.८३० च्या वर जाता कामा नये, असा तो दंडक होता. पुढे २००४ पासून ही तपासणी लंबकाने होऊ लागली. लहानसा पोलादी लंबक फेसवर आपटून तो फेसला किती काळ टेकून राहतो हे मोजतात. ही मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची आहे आणि तिच्यावर १८ मायक्रोसेकंदांची सवलत मिळते. हेडचे आकारमान ४६० घन सेंटीमीटरपेक्षा मोठे नसावे, हा नियमही त्याच सुमारास आला. आर अँड एच्या अखत्यारीतील देशांत उसळीची मर्यादा २००८ पासून हौशींसह सर्वांना लागू झाली.

याचा अर्थ असा की, हेडच्या मधोमध लागलेल्या चेंडूला फेसमधून मिळणारी मदत गेली वीस वर्षे जवळपास एकाच छताखाली अडकलेली आहे. कॅलवे कंपनीने २०१९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रचलेला फेस आणला, टेलरमेडने २०२२ मध्ये कार्बनच्या साठ थरांचा फेस आणला. दोन्ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पद आहेत, पण दोघांनाही तोच लंबक आणि तीच मर्यादा आहे. नामांकित कंपन्यांचे ड्रायव्हर या मर्यादेच्या इतके काठावर बनवलेले असतात की २०१९ च्या ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धेआधी अमेरिकी व्यावसायिक झँडर शॉफलीचा ड्रायव्हर तपासणीत नापास झाला आणि त्याला दुसरा घ्यावा लागला. छत इतके घट्ट असताना ‘यंदा दहा यार्ड जास्त’ हे वाक्य वाचले की ते यार्ड आले कुठून, असे विचारायला हवे.

उत्पादकांचे यावरचे उत्तर असे असते की, सुधारणा मधोमध लागणाऱ्या फटक्यात नसून चुकलेल्या फटक्यात आहे, आणि हे उत्तर प्रामाणिक आहे. हेडचे वजन कडेला आणि मागे नेले की ते चुकीच्या फटक्यानेही कमी वळते, आणि चेंडूचा वेग व दिशा दोन्ही कमी बिघडतात. हा न वळण्याचा गुण एमओआय या आकड्याने मोजतात आणि हौशी खेळाडूच्या दृष्टीने अलीकडच्या काळातली हीच सर्वांत मोलाची प्रगती आहे. तिचा आवाका लक्षात यायचा असेल तर १९९१ चे कॅलवेचे बिग बर्था आठवावे. ते पोलादी हेड १९० घन सेंटीमीटरचे होते आणि त्या काळी अवाढव्य वाटले होते. आजचे हेड त्याच्या दुपटीहून मोठे आहे. मात्र इथेही नियमांचे छत आहेच. उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटीमीटरच्या वर जाऊ नये (त्यावर १०० ची सवलत), असे यूएसजीएने २००६ मध्येच ठरवले. मग २०२४ मध्ये ‘१०,०००’ या आकड्याची जी जाहिरात झाली ती कशी, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो आकडा दोन अक्षांभोवतीच्या एमओआयची बेरीज आहे. पिंग कंपनीच्या २०१८ च्या मोठ्या हेडची हीच बेरीज सुमारे ९,९०० भरत होती. सहा वर्षांत साधारण एक टक्का! तो एक टक्का यंत्राला कळेल; रविवारी सकाळी पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) उभ्या असलेल्या माणसाला कळणार नाही.

तेव्हा जुने घ्या म्हणजे कितीही जुने घ्या, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शतकाच्या सुरुवातीची लहान हेडे आजच्या तुलनेत खरोखरच कमी क्षमाशील आहेत आणि केवळ स्वस्त म्हणून ती घेण्यात शहाणपण नाही. माझ्या मते गेल्या सात-आठ वर्षांतले, नामांकित कंपनीचे, ‘मॅक्स’ प्रकारातले मोठे हेड हे हौशी खेळाडूचे खरे लक्ष्य असावे. बहुतेक कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी मॉडेल बदलतात आणि नवे आले की आधीच्याची किंमत उतरते, न वापरलेल्या मालाचीही. तंत्रज्ञान जागच्या जागी राहते, उतरते ती फक्त किंमत.

आता दुसरे कारण, आणि हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेच्या एलपीजीए टूरवरील महिला व्यावसायिकांच्या ड्रायव्हरच्या हेडचा वेग सरासरी ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो. सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा वेगही साधारण तेवढाच, ९०-९५ मैलांचा असतो. वेग सारखाच. अंतर मात्र सारखे नाही. एलपीजीएच्या खेळाडूंचा ड्राइव्ह सरासरी २५० यार्डांच्या पुढे जातो आणि हौशी पुरुषांची सरासरी २१५ यार्डांच्या आसपास घुटमळते. हे तीस-पस्तीस यार्ड कोणत्याही हेडमध्ये विकत मिळत नाहीत. त्या खेळाडू चेंडू फेसच्या मध्याजवळ घेतात, हेड किंचित वर जात असताना त्याला भिडतात आणि त्यांच्या वेगाला साजेसा लॉफ्ट व शाफ्ट वापरतात. पहिल्या दोन गोष्टी सरावाच्या आहेत. पण त्या सोप्या किंवा अवघड करणे मात्र ड्रायव्हरच्या मापांवर अवलंबून असते, आणि ती मापे बदलायला फारसे पैसे पडत नाहीत.

या मापांत पहिला मान लॉफ्टचा. पुरुष व्यावसायिक ९ किंवा १० अंशांचा ड्रायव्हर वापरतात, कारण ताशी ११५ मैलांच्या वेगाने मारलेला चेंडू कमी उंचीवर सुटला तरी हवेत पुरेसा काळ टिकतो. ९० मैलांच्या वेगाला तसा चेंडू टिकत नाही. तो लवकर खाली बसतो आणि उरलेले अंतर जमिनीच्या कृपेवर सोडावे लागते. कमी वेगाच्या खेळाडूला चेंडू १२ ते १५ अंशांच्या कोनात सुटायला हवा आणि त्याचा फटका जर सपाट किंवा खाली जाणारा असेल, जसा बहुतेक हौशींचा असतो, तर ९ अंशांच्या हेडने ते होणे कठीण. म्हणून १०.५ अंश ही सुरुवात मानावी आणि ८५ मैलांखाली वेग असेल तर १२ किंवा त्याहून अधिक लॉफ्टचा विचार निःसंकोच करावा. निःसंकोच हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कमी लॉफ्टचा ड्रायव्हर बाळगणे ही काही मंडळींना प्रतिष्ठेची बाब वाटते आणि १२ अंशांचे हेड पिशवीत ठेवायला ते लाजतात. जास्त लॉफ्टचा आणखी एक फायदा आहे, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. फेस उघडा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत उजवीकडे वळलेला, राहिला की चेंडूच्या फिरकीचा अक्ष एका बाजूला कलतो आणि चेंडू वाकतो, तोच आपला परिचित स्लाइस. लॉफ्ट वाढला की उलटी फिरकी वाढते आणि तेवढ्याच चुकीने अक्ष कमी कलतो, म्हणून चेंडू कमी वाकतो. ३-वुडने, म्हणजे ड्रायव्हरहून आखूड आणि जास्त लॉफ्टच्या क्लबने, मारलेला चेंडू ड्रायव्हरपेक्षा सरळ का जातो, याचे एक कारण हेच आहे. हेडवर छापलेला अंश आणि प्रत्यक्ष मोजलेला अंश यांत अर्ध्या-एक अंशाचा फरक निघू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. छापील आकड्यापेक्षा चेंडू कसा उडतो त्यावर विश्वास ठेवणे बरे.

दुसरी बाब लांबीची, आणि इथे बाजाराने हौशी खेळाडूवर थोडा अन्यायच केला आहे. पोलादी शाफ्टच्या काळात ड्रायव्हर ४३ इंचांच्या आसपास असे. हलके ग्रॅफाइट आले, लांब क्लबने वेग वाढतो हे जाहिरातीला सोयीचे ठरले आणि आज तयार मिळणारा ड्रायव्हर ४५.५ ते ४६ इंचांचा असतो. नियम ४८ इंचांपर्यंत मुभा देतात; वरच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धांत ४६ इंचांची मर्यादा घालण्याची सोय २०२२ पासून झाली आहे. पण गंमत अशी की स्वतः व्यावसायिक खेळाडू बहुधा तयार ड्रायव्हरपेक्षा आखूड ड्रायव्हर वापरतात. टायगर वुड्सने २००० च्या सुमारास, आपल्या ऐन भरात, साडेत्रेचाळीस इंचांचा पोलादी शाफ्टचा ड्रायव्हर वापरून जग जिंकले. ज्यांचा हात आयुष्यभराच्या सरावाने घोटलेला आहे त्यांनी आखूड घ्यावा आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने लांब, हा उलटा न्याय झाला.

यावर एक साधी, बिनखर्चाची तपासणी आहे. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे फेसवर हलकेच मारावा. पांढरा थर बसतो. मग नेहमीच्या पकडीने दहा-बारा चेंडू मारावेत आणि फेस पाहावा. प्रत्येक चेंडूचा गोल ठसा त्या थरात स्पष्ट उमटलेला असतो. बहुतेकांच्या फेसवर ठसे टाचेकडून (शाफ्टकडच्या बाजूकडून) टोकापर्यंत विखुरलेले दिसतात आणि एखादा वर कडेजवळही सापडतो. आता फेस पुसून पुन्हा थर द्यावा, ग्रिपवर हात इंचभर खाली घ्यावेत आणि तितकेच चेंडू मारावेत. ठशांचा घोळका लहान होऊन मध्याकडे सरकला, तर आखूड ड्रायव्हर आपल्यासाठी योग्य हे ठरले. तसे झाल्यास कापायची घाई करू नये. काही फेऱ्या हात खाली धरूनच खेळावे आणि मगच शाफ्ट कापून घ्यावा. कापताना एक गोष्ट सांभाळावी लागते. अर्धा इंच कापला की स्विंगवेट सुमारे तीन अंकांनी उतरते, म्हणजे हेड हातात हलके लागू लागते; एक इंच कापल्यास ते भरून काढायला हेडला साधारण १२ ग्रॅम वजन जोडावे लागते. शिशाची चिकटपट्टी किंवा तळाचा जड स्क्रू यांनी ते सहज होते. वेग किंचित कमी होईल, हे खरे. पण मध्यावर लागलेला चेंडू तो तोटा बहुतेक वेळा भरून काढतो, आणि रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) शोधाशोध करायला लागत नाही हा नफा वेगळाच.

शाफ्टबद्दल बाजारात जेवढे गूढ पसरवले आहे तेवढे त्यात नाही. आर, एस, एक्स, सीनियर, लेडीज ही अक्षरे लवचिकतेची ढोबळ विभागणी सांगतात; त्यांचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही आणि चपलेचा नंबर जसा कंपनीगणिक बदलतो तसे एका कंपनीचे आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतके कडक निघू शकते. ८५ ते ९५ मैलांच्या वेगाला आर, ९५ ते १०५ ला एस, हा अंदाज सुरुवातीला पुरे. अक्षरापेक्षा वजनाकडे अधिक लक्ष द्यावे. ड्रायव्हरचे शाफ्ट साधारण ४० ते ७० ग्रॅमचे असतात. फार हलक्या शाफ्टने काहींचा वेग वाढतो, पण काहींचा ताल बिघडतो आणि हेड कुठे आहे तेच हाताला कळेनासे होते. हे प्रत्येकाने मारून पाहूनच ठरवावे लागते. लेडीज आणि सीनियर या शिक्क्यांना मात्र अजिबात भीक घालू नये. साठीच्या गृहस्थाचा वेग १०० मैल असू शकतो आणि तरुणाचा ८०; शाफ्ट वेगावरून निवडायचा असतो, जन्मतारखेवरून किंवा लिंगावरून नव्हे. स्वतंत्रपणे विकले जाणारे महागडे शाफ्ट, जे कधी कधी हेडच्याच किमतीला जाऊन भिडतात, त्यांच्या वाटेला हौशी खेळाडूने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीबरोबर येणारा शाफ्ट योग्य वजनाचा असला की काम भागते.

लॉफ्ट बदलता येणारी होझलची (शाफ्ट हेडमध्ये जिथे बसतो त्या नळीची) व्यवस्था आता बहुतेक हेडांत असते आणि जुना ड्रायव्हर घेणाऱ्याला ती फार सोयीची आहे. बहुतेक रचनांत लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, हे उमजून ती वापरावी. स्लाइस मारणाऱ्याला ते पथ्यावरच पडते. फेरी सुरू झाल्यावर ही मापे बदलता येत नाहीत, एवढा नियम लक्षात असू द्यावा.

वापरलेला ड्रायव्हर घेताना तो कसा तपासावा, यावर मी जरा अधिक लिहितो, कारण स्वस्तातला सौदा इथेच फसतो. हेड प्रथम उजेडाकडे तिरके धरून वरचा भाग, म्हणजे क्राउन, पाहावा. पुढच्या कडेजवळचे पांढरे ओरखडे हे चेंडूच्या खाली हेड गेल्याच्या खुणा असतात. त्या दिसायला वाईट, पण खेळाला निरुपद्रवी असतात आणि किंमत पाडून मागायला उत्तम सबब असतात. कार्बनच्या क्राउनला बारीक तडा असेल तर मात्र तो क्लब परत ठेवावा. मग फेस पाहावा. उजेड बाजूने पडेल असे धरून खोबणींच्या मधली जागा न्याहाळावी आणि अंगठ्याचे नख हळूच फिरवावे. केसासारखी चीर डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. हेड कानाजवळ नेऊन हलवावे. आत काही खुळखुळत असेल तर तो बहुधा सुटलेल्या गोंदाचा कण असतो, पण आतले वजन सुटलेले असण्याची शक्यताही असते, तेव्हा तो आवाज ऐकूनही पूर्ण किंमत देऊ नये. शाफ्ट होझलमध्ये जिथे शिरतो तिथली काळी प्लास्टिकची कडी वर सरकलेली असेल, तर जोड सैल होत चालल्याची ती खूण मानावी. त्या कडीच्या वरचा चार बोटे शाफ्ट बोटांनी चाचपावा. ग्रॅफाइट मोडते ते बहुधा तिथेच, आणि पिशवीच्या कडेला घासून पडलेला खोल ओरखडाही तिथेच असतो. टेपने लांबी मोजून घ्यावी, कारण आधीच्या मालकाने शाफ्ट कापलेला असू शकतो आणि ते तो सांगेलच असे नाही. होझलचा स्क्रू आणि तळाची वजने पान्याने फिरवून पाहावीत, आणि तो पाना सौद्यात मागून घ्यावा. होझलच्या बाह्या कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्यामुळे एका कंपनीचा शाफ्ट दुसरीच्या हेडात बसेल असे गृहीत धरू नये. ग्रिप कडक किंवा गुळगुळीत झाली असेल तर ती चिंता करू नये. ती बदलणे हे सर्वांत स्वस्त काम.

नकली मालापासून सावध राहायलाच हवे. चालू वर्षाचे मॉडेल अनोळखी विक्रेता अगदी नगण्य किमतीला देत असेल तर संशय घ्यावा. होझलवरचा अनुक्रमांक कंपनीकडे पडताळून घेता येतो. खिशात लहानसे चुंबक असले तर टायटॅनियम म्हणवणाऱ्या फेसला लावून पाहावे. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, आणि चिकटले तर फेस पोलादाचा आहे हे तिथल्या तिथे उघड होते. तळाची वजने पोलादी असू शकतात, म्हणून परीक्षा फेसचीच घ्यावी.

नियमबाह्य हेडांचा प्रश्न वेगळा आहे. वापरलेल्या मालात सन २००० च्या आसपासची काही अधिक उसळीची हेडे अजून फिरताना दिसतात. त्यांतले कॅलवेचे ईआरसी टू सर्वांत गाजलेले. आर्नोल्ड पामर यांच्यासारख्या आदरणीय खेळाडूने मौजेच्या खेळासाठी ते वापरायला हरकत नाही, असे म्हटल्यावर त्या काळी केवढे वादळ उठले होते! पामर यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, पण ज्याला हँडिकॅपसाठी गुण नोंदवायचे आहेत किंवा क्लबच्या स्पर्धेत उतरायचे आहे त्याने यूएसजीए आणि आर अँड एची मान्य ड्रायव्हरची यादी इंटरनेटवर पाहून घ्यावी. त्या यादीत मॉडेल, लॉफ्ट आणि हेडवरच्या खुणा दिलेल्या असतात. नेहमीच्या वापराने झिजलेला मान्य क्लब मान्यच राहतो, त्यामुळे जुना आहे एवढ्यावरून काळजीचे कारण नाही.

खरेदीपूर्वी लाँच मॉनिटरवर (चेंडूचा वेग, कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) मारून पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये, पण आकडे कसे वाचायचे हे आपण ठरवावे, विक्रेत्याने नव्हे. आपला जुना ड्रायव्हर बरोबर न्यावा, दोन्ही क्लबना एकच चेंडू वापरावा आणि आलटून पालटून मारावे, म्हणजे अंग गरम झाल्याचा फायदा एकट्या नव्या क्लबला मिळत नाही. विक्रेता सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे बोट दाखवील. आपण हवेतले सरासरी अंतर आणि डावी-उजवीकडचा पसारा पाहावा. दोन क्लबांत सरासरीचा फरक तीन-चार यार्डांचा असेल, तर तो फरक पुढच्या आठवड्यात उलटाही निघू शकतो.

नवशिक्याला ड्रायव्हर लगेच हवाच का, याचाही विचार व्हावा. नेहमीच्या अठरा होलांच्या कोर्सवर ड्रायव्हर फार तर चौदा वेळा हाती येतो आणि अरुंद होल वगळले तर त्याहूनही कमी. १५ अंशांचा ३-वुड टीवरून मारून पहिले काही महिने सहज निघतात, आणि वाचलेल्या पैशांत प्रशिक्षकाचे चार धडे होतात. चार धड्यांनी फेसवरचे ते ठसे जितके मध्याकडे सरकतील तितके कोणतेही नवे हेड सरकवणार नाही.

नव्या ड्रायव्हरचा आनंद असतो, हे मी नाकारत नाही. टीवर उभे राहून खाली पाहिल्यावर हेड डोळ्यांना भावले, त्याचा आवाज कानांना आवडला, तर फटका मोकळेपणाने निघतो. ज्याला परवडते त्याने त्या आनंदासाठी पैसे खुशाल मोजावेत. तक्रार फक्त एवढीच की, परवडत नसताना, हेच घेतले तर खेळ सुधारेल या समजुतीने कोणी ते मोजू नयेत.

म्हणून आपल्या क्रीडा पानाकडे एक मागणे आहे. नव्या ड्रायव्हरची बातमी छापताना तो कोणकोणत्या लॉफ्टमध्ये मिळतो, त्याची प्रमाण लांबी किती, शाफ्टचे वजन किती आणि मागच्या मॉडेलपेक्षा त्यात नेमके काय बदलले, एवढे तरी आवर्जून द्यावे. जादा यार्डांचा दावा असेल तर ते यार्ड यंत्राने मारलेल्या फटक्यांचे आहेत की माणसांनी, हेडच्या कोणत्या वेगाला आणि कोणत्या जुन्या मॉडेलशी तुलना करून काढलेले, हे कंपनीला विचारून छापावे. कंपनीने सांगायला नकार दिला, तर तेही एका ओळीत छापता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक व हौशी गोल्फपटू